सात रात्रींत किती जपान?

प्रश्न : पुण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या नोकरी करतात, वय पंचेचाळिशीच्या आसपास. कॉलेजात असल्यापासून त्यांना जपानची ओढ आहे. जपानी भाषेची एन-फोर परीक्षा त्यांनी दिली आहे आणि सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात त्या सवड मिळेल तेव्हा नुसत्या बसायला जातात. आता नवरा, आठवीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या शाकाहारी सासूबाई यांच्यासह जपानला जायचं ठरतंय. रजा दहा दिवसांची. नवऱ्याने एका टूर कंपनीची सात रात्रींची सहल पसंत केली आहे. त्यात तोक्यो, फुजी, हाकोने, क्योटो, ओसाका असं सगळं आहे आणि रोज रात्री भारतीय जेवणही आहे. बाईंना मात्र गर्दीतला, सेल्फीतला जपान नको आहे. 'मला खरा जपान पाहायचाय' असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, एवढे लाखो रुपये घालायचे तर नावाजलेलं काही सुटायला नको. सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे तुमचं अडत असेल तर मी येतच नाही. शिवाय मुलाच्या परीक्षेमुळे मार्चअखेरीला निघता येत नाही, म्हणजे साकुरा, चेरीच्या फुलांचा बहर, हुकणार. 'इतकी वर्षं वाट पाहून शेवटी धावतं दर्शनच घ्यायचं का? नाहीतर कुठली ठिकाणं निवडू?' असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात 'परत कुठे जाणं होणार' हे वाक्य दोनदा आलंय. एकदा ते तुमच्या नवऱ्याच्या तोंडी आहे, एकदा तुमच्या. एकदाच जायचं तर सगळं पाहून घेऊ, असं ते म्हणतात. एकदाच जायचं तर खरं तेच पाहू, असं तुम्ही म्हणता. वरकरणी ही दोन टोकं वाटतात, पण दोघांनाही एकच धास्ती आहे, काहीतरी सुटेल ही. ती बाजूला ठेवून बोलू, कारण सुटणार तर आहेच. दहा दिवसांत जपानचं पुष्कळ काही सुटतं, तीन महिन्यांतही सुटेल. तेव्हा काय काय बघायचं याची यादी जरा मिटून ठेवा. कुठे किती रात्री राहायचं आणि तिथे दिवसाच्या कोणत्या वेळी असायचं, हे आधी ठरवा. माझ्या मते तुमचं उत्तर त्यात आहे.

तुम्ही पाठवलेली इटिनररी मी नीट वाचली. सात रात्रींत चार हॉटेलं आहेत आणि क्योटोत एकही मुक्काम नाही. ओसाकाहून सकाळी नाश्ता करून बसने निघायचं, किनकाकुजी हे सोनेरी मंदिर, अराशियामाचं बांबूचं बन, फुशिमी इनारीला फोटो स्टॉप, आणि संध्याकाळी जेवायला परत ओसाका. म्हणजे तुमचा ग्रुप क्योटोत असणार तो सकाळी दहा ते दुपारी चार. बाकीचे सगळे ग्रुपही तिथे नेमके त्याच वेळी असतात. २०२४ मध्ये जपानला जवळपास ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे गेले आणि त्यातल्या बहुतेकांना क्योटो पाहायचं असतं. तुम्ही ज्या गर्दीला घाबरताय ती गर्दी खरीच आहे. फक्त ती चोवीस तास नसते.

फुशिमी इनारीचंच घ्या. शेंदरी रंगाच्या हजारो कमानी एकीमागे एक डोंगरावर चढत गेलेल्या आहेत. हे देवस्थान दिवसरात्र उघडं असतं आणि तिकीटही नाही. सकाळी साडेसहाला तिथे पोहोचलं तर शाळेत निघालेली मुलं, कामावर जाण्याआधी हात जोडायला आलेली शेजारपाजारची माणसं आणि झाडलोट करणारे पुजारी एवढेच भेटतात. कमानींच्या मागच्या बाजूला काळ्या अक्षरांत देणगीदारांची नावं आणि तारखा लिहिलेल्या असतात. कुणी दुकानदार, कुणी कंपनी. तुम्हाला जपानी वाचता येतं, तेव्हा वर चढून जरा मागे वळून पाहा. खालून येताना न दिसलेली ती सगळी अक्षरं एकदम समोर येतात. दहा वाजता त्याच वाटेवर आपल्या पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. कियोमिझुदेरा हे मंदिरही सकाळी सहाला उघडतं. सकाळी सहाला तिथे असायचं तर आदल्या रात्री क्योटोतच झोपायला हवं. म्हणून माझा पहिला आग्रह हा की क्योटोत निदान चार रात्री राहा. स्टेशनजवळचं हॉटेल घ्या, सासूबाईंना सोपं पडेल. पहाटे दोन तास फिरा, दुपारी खोलीवर येऊन पडा, संध्याकाळी पुन्हा निघा.

चार रात्री हाताशी असल्या की मग एक सकाळ ओहाराला देता येते. क्योटो स्टेशनवरून बसने साधारण तासाभरावर डोंगरातलं गाव आहे. तिथल्या सानझेन-इन मंदिराच्या बागेत सगळीकडे शेवाळ आहे आणि त्या शेवाळातून लहान मुलांसारखे दिसणारे दगडी जिझो, म्हणजे मुलांचे रक्षक मानले जाणारे बोधिसत्त्व, डोकी वर काढून बसलेत. एकाने हातावर हनुवटी टेकवलीय, एक आडवा पडलाय. ते शोधत बसायला तुमच्या आठवीतल्या मुलालाही आवडेल. दुसरी एक सकाळ र्‍योआनजीच्या दगडी बागेसाठी ठेवा. पांढरी वाळू आणि पंधरा दगड, बसल्या जागेवरून एक तरी दगड लपलेलाच राहतो. दार उघडताच आत जाऊन लाकडी ओट्यावर बसलात तर निवांतपणा मिळेल.

आता 'खरा जपान' हे जे तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमच्यासारख्या मनापासून जपान आवडणाऱ्या अनेक वाचकांच्या मनात हेच असतं. कुठेतरी डोंगरात एक अस्पर्शित खेडं आहे, तिथे पर्यटक पोहोचलेले नाहीत, आणि आपल्याला ते सापडलं की जपान सापडला. शिराकावा-गोची उतरत्या छपरांची घरं बघून असं वाटू शकतं. पण ते गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि रोज तिथे बसगाड्या येतात. त्सुमागो हे नाकासेन्दो या जुन्या राजमार्गावरचं मुक्कामाचं गाव. त्याच्या रस्त्यावर एक विजेची तार दिसत नाही, दिवसा गाड्यांना बंदी असते. ते आपसूक तसं राहिलेलं नाही. गाव ओस पडायला लागलं तेव्हा साठच्या दशकाच्या अखेरीला गावकऱ्यांनी जुनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही असा नियम स्वतःवर घालून घेतला. पर्यटक यावेत म्हणूनच त्यांनी हे केलं. मला त्यामुळे ते गाव कमी खरं वाटत नाही. उलट मान वाटतो. तोक्योतल्या स्टेशनाखालच्या नूडलच्या दुकानात उभ्याने जेवून पाच मिनिटांत गाडी पकडणारा नोकरदारही तितकाच जपानी आहे. तुम्ही त्याला खोटा ठरवून यादीतून काढू नका.

तुम्हाला हवीय ती शांतता, आणि आपण नुसते बघे नाही अशी जाणीव. अशी जागा शोधायची तर तुमच्या घरातच तिचं निमित्त आहे. सासूबाई.

पत्रात तुम्ही त्यांच्या जेवणाला अडचणींच्या यादीत घातलंय. शाकाहार हा जपानमध्ये अवघड प्रश्न आहे, यात शंका नाही. भाजीच्या रश्शात, सोबा नूडलच्या सूपात, अगदी पालकाच्या थंड भाजीवरसुद्धा दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. याला एक जुनं, सुंदर उत्तर बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरात आहे. शोजिन र्‍योरी या जेवणात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि दाशी कोम्बु या समुद्री वनस्पतीची आणि शिताके मशरूमची असते. हे जेवण रोजचं म्हणून जिथे मिळतं, तिथे एक रात्र राहा. त्या जागेचं नाव कोयासान.

ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात, सुमारे ८०० मीटर उंचीवर हे डोंगरातलं मठांचं गाव आहे. कूकाई नावाच्या भिक्षूला ८१६ मध्ये सम्राटाकडून ही जागा मिळाली. मृत्यूनंतर त्यांना कोबो दाइशी म्हणू लागले. तिथे शंभराहून जास्त मंदिरं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना राहता येतं. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून गाडी डोंगराच्या पायथ्याशी गोकुराकुबाशीला येते, तिथून केबल कारने पाच मिनिटांत वर, आणि पुढे बस. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण येतं. लाखेच्या तांबड्या बुटक्या ताटांवर वाट्याच वाट्या. तिळाचा तोफू, वाळवून पुन्हा शिजवलेला कोया-तोफू, भाज्यांचा तेम्पुरा, लोणचं, भात, मिसो सूप. तिखट म्हणून काही नसतं, तेव्हा सासूबाईंच्या पर्समध्ये मेतकुटाची डबी असू द्या. रात्री तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, गाद्या घालून देतात. सकाळी सहा-साडेसहाला मंत्रपठण असतं, पाहुण्यांनी बसावं अशी अपेक्षा असते, सक्ती नसते. काही मंदिरांत सकाळी होमही होतो.

तुमच्या सासूबाईंना तिथे परकं वाटणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. कूकाईंच्या शिंगोन या बौद्ध पंथाच्या पूजेत सिद्धम् या भारतातून गेलेल्या लिपीतली बीजाक्षरं आजही लिहिली जातात. बेन्झाइतेनच्या रूपात आपली सरस्वती तिथे आहे. आणि ओकुनोइन या दफनभूमीच्या टोकाला कोबो दाइशींची समाधी आहे. ते ८३५ पासून ध्यानात बसलेले आहेत, गेलेले नाहीत, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून भिक्षू आजही रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. लाकडी पेटी खांद्यावर घेऊन दोघे भिक्षू पूल ओलांडतात, त्यांच्या पुढे एक ज्येष्ठ भिक्षू असतो. आळंदीला संजीवन समाधीपुढे उभं राहिलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. त्या पुलाच्या पलीकडे फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा.

ओकुनोइनची वाट दोन किलोमीटरची आहे. दोन्ही बाजूंना प्रचंड सीडरची झाडं आणि दोन लाखांहून जास्त स्मारकं. एकमेकांशी आयुष्यभर लढलेल्या ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन या सोळाव्या शतकातल्या सरदारांची स्मारकं वाटेच्या दोन बाजूंना, जवळजवळ समोरासमोर आहेत. पलीकडे कंपन्यांची स्मारकं आहेत. एक तर वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळव्यांसाठी उभारलंय. सासूबाईंच्या गुडघ्यांना दोन किलोमीटर जड वाटले तर बसने ओकुनोइन-माए थांब्यावर उतरा, वाट निम्मी होते.

आणखी दोन गोष्टी. कोयासानवर शतकानुशतकं बायकांना प्रवेश नव्हता. डोंगराच्या वेशीवर बायकांसाठी न्योनिनदो नावाचे निवारे होते, तिथपर्यंत यायचं आणि बाहेरूनच कड्याकड्याने डोंगराला वळसा घालायचा. सरकारने १८७२ मध्ये ही बंदी उठवली. त्या सात निवाऱ्यांपैकी एक अजून उभा आहे आणि बस त्याच्यावरूनच गावात शिरते. सासू-सुना दोघी मिळून तिथे उतरा. दुसरी गोष्ट, कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. महाराष्ट्रातून जाणाऱ्या माणसाने तिथवर चालत जायला हवं, असं मला वाटतं.

तिथेही अडचणी आहेत, त्या आधीच विचारून घ्या. तातामीच्या खोलीत जमिनीवर बसावं-झोपावं लागतं. खुर्ची मिळेल का, खोलीला जोडून स्वच्छतागृह आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा. काही मंदिरांत दोन्हीची सोय असते. न्हाणीघर सामाईक असतं, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं, आणि तिथे कपडे न घालता उतरायची पद्धत आहे. सासूबाईंना ते जमणार नसेल तर एक दिवस अंघोळ चुकली म्हणून काही बिघडत नाही. ऑक्टोबरअखेरीला रात्री चांगलीच थंडी पडते, शाल-स्वेटर-मोजे हवेतच.

इतर ठिकाणी जेवणासाठी तुमचं जपानी बाहेर काढा. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशि मो दामे देस' (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे वाक्य तुम्हाला येतंच, पण ते जपानी अक्षरांत लिहून चौघांच्या खिशात एकेक चिठ्ठी ठेवा. वेटरला घाईत चार वाक्यं ऐकवण्यापेक्षा चिठ्ठी आत स्वयंपाक्यापर्यंत पोहोचते. क्योटोत तोफूची आणि मठाच्या जेवणाची हॉटेलं आहेत, तोक्यो-ओसाकाला भारतीय हॉटेलांना तोटा नाही. थेपले, चिवडा, लाडू न्या. ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

साकुरा हुकणार म्हणून तुम्ही हिरमुसला आहात. तोक्यो-क्योटोचा साकुरा साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, आणि बहर आठवडाभराचा. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, त्याच दिवसांत हॉटेलं सर्वांत महाग असतात. ज्यांच्या घरी शाळकरी मूल आहे अशा बहुतेक मराठी कुटुंबांना ते जमतच नाही. मे महिन्याची सुट्टी असली तर २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासचा गोल्डन वीक टाळा, त्या दिवसांत सगळा जपानच फिरायला निघालेला असतो. मेचा दुसरा-तिसरा आठवडा मात्र फार छान, कोवळी पालवी आणि कोरडी हवा. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा सासूबाईंना सोसणार नाही.

तुमच्यासाठी दिवाळीची सुट्टी. आपली दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात नाहीतर नोव्हेंबरच्या पूर्वार्धात येते आणि नेमकं तेव्हाच उंचावरच्या गावांत मेपलची पानं लाल होतात. कोयासानला ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, निक्को आणि ताकायामा-शिराकावा-गोच्या बाजूलाही साधारण तेव्हाच. क्योटोचा रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चढतो आणि गर्दीही तेव्हाच उसळते, म्हणजे त्याआधी गेलेलं बरंच. याच दिवसांत नारा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन या शाही भांडाराचं वार्षिक प्रदर्शन भरतं. नारा क्योटोहून पाऊण तासावर. तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या भव्य बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ मध्ये ज्याने रंगवले तो बोधिसेन भारतातून गेलेला भिक्षू होता. त्या समारंभातली लेखणी शोसोइनमध्ये जपून ठेवलेली आहे. प्रदर्शनात दरवर्षी वेगळ्या वस्तू मांडतात, त्यामुळे ती तुम्हाला दिसेलच असं नाही, पण बाराशे वर्षांपूर्वीची वाद्यं, काचपात्रं, रेशमी वस्त्रं दिसतील. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. हरणांच्या बागेत मुलाला वेगळं काही सांगायला लागणार नाही. हरणं बिस्किटांसाठी मान लववतात आणि न दिल्यास सदरा ओढतात, तेव्हा सासूबाईंचा पदर सांभाळा.

आता ओकायामा. तुम्ही ज्या बागेत जाऊन बसता तिचं पूर्ण नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ती ओकायामातल्या कोराकुएन या बागेवरून बेतलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी तुमच्या पत्रात ओकायामाचा उल्लेख नाही, याचं मला नवल वाटलं. कदाचित ते 'बघण्यासारख्या ठिकाणां'च्या कुठल्याच यादीत तुम्हाला सापडलं नसेल. क्योटोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभराचा रस्ता. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली. जपानच्या तीन नामांकित बागांत ती धरतात. बाकीच्या जपानी बागांच्या मानाने ती मोकळी आहे, मोठी हिरवळ, मध्ये तळं, कडेला चहाचा छोटा मळा, भाताचा तुकडासुद्धा, आणि झाडांच्या वर काळा ओकायामा किल्ला डोकावतो. र्‍यूतेन नावाची एक उघडी लाकडी इमारत आहे, तिच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि त्यात रंगीत दगड बसवलेत. दोन्ही बाजूंना लाकडी फरशीवर बसायचं. तुम्ही तिथे किती वेळ बसाल याचा हिशेब यजमानांना आधीच देऊन ठेवा. त्यांना आणि मुलाला तेवढ्यात किल्ला पाहून येऊ द्या. दुपारी लोकल गाडीने पंधरा-सतरा मिनिटांवरच्या कुराशिकीला जाता येतं, कालव्याकाठच्या पांढऱ्या भिंतींच्या वखारी आणि विलोची झाडं बघायला.

नवऱ्याच्या म्हणण्यालाही न्याय द्यायला हवा. त्यांना फुजी पाहायचा आहे आणि ती इच्छा काही उथळ नाही. जपानी लोक शतकानुशतकं तो डोंगर बघत आलेत आणि अजूनही गाडीतून दिसला की मान वळवतात. पण फुजीसाठी हाकोनेला एक दिवस ठेवला आणि ढग आले, की दिवस गेला. तोक्यो-क्योटो मार्गावरच्या शिनकानसेनमध्ये 'ई' अक्षराच्या खिडकीच्या जागा घ्या, जाताना आणि येताना दोन्ही वेळा फुजी त्याच बाजूला असतो. एवढ्याने समाधान होणार नसेल तर तोक्योच्या दोन रात्रींपैकी एक कावागुचिको तळ्याकाठी काढा. शिंजुकूहून बसने दोनेक तास लागतात, आणि हिवाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत पहाटे डोंगर स्वच्छ दिसायची शक्यता उन्हाळ्यापेक्षा खूपच जास्त.

ग्रुप टूर वाईट असं मी म्हणणार नाही. घरात कुणालाच नकाशा बघायची, स्टेशनं बदलायची हिंमत नसेल, ज्येष्ठांना रोज गरम वरण-भात हवाच असेल, तर टूर मॅनेजर हा मोठा आधार असतो. तुमच्या घरात तसं नाही. तुम्हाला भाषा येते, तुम्ही फक्त ती वापरायला बिचकताय. स्टेशनांवर पाट्या इंग्रजीतही असतात आणि विचारलं तर माणसं हातातलं काम टाकून सोबत चालत येतात. मधला मार्गही आहे. ग्रुपबरोबर जायचं आणि सहल संपल्यावर चार दिवस मागे थांबायचं. टूर कंपन्या याला डेव्हिएशन म्हणतात, परतीचं तिकीट तसं काढून देतात. ज्या वाचकांना एकदम स्वतःच्या जबाबदारीवर जायचं जिवावर येतं त्यांना हे सुचवेन. आणि कुठलीही इटिनररी वाचताना 'फोटो स्टॉप', 'बाहेरून', 'बसमधून' हे शब्द आधी अधोरेखित करा. मग काय उरतं ते बघा.

तुमच्या नऊ रात्री मी अशा लावल्या असत्या : कानसाई विमानतळावर उतरून ओसाकाला एक, कोयासानला एक, क्योटोला चार, ओकायामाला एक, शेवटी तोक्यो-कावागुचिको मिळून दोन, आणि परतीचं विमान तोक्योहून. जाणं एका शहरात आणि येणं दुसऱ्या शहरातून केलं की अख्खा एक दिवस वाचतो. हिरोशिमा, कानाझावा, नाकासेन्दोची वाट हे सगळं यात नाही. ज्यांच्याबरोबर म्हातारं माणूस नाही आणि ज्यांना चालायची आवड आहे, त्यांनी ओकायामाऐवजी मागोमे ते त्सुमागो ही आठेक किलोमीटरची डोंगरवाट घ्यावी. कानाझावाला जाणाऱ्यांनी नोव्हेंबरात जावं, बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून केनरोकुएन बागेत पाइनच्या झाडांना दोरांचे तंबू बांधायला तेव्हाच सुरुवात होते.

जपान रेल पास सरसकट घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. तोक्यो-क्योटो एकेरी तिकीट १४ हजार येनच्या आसपास पडतं, तेव्हा वरच्या बेतात पास वसूल होत नाही. मोठ्या बॅगा घेऊन गाडीत चढू नका. विमानतळावरच तक्क्यूबिन या सामान पोहोचवणाऱ्या कुरिअर सेवेच्या काउंटरवर त्या क्योटोच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाका, साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचतात, आणि कोयासानला पाठीवरची पिशवी पुरते. क्योटोतल्या गियोन या गेइशांच्या भागात खासगी गल्ल्यांत शिरायला २०२४ पासून मनाई आहे, गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे ती वेळ आली. मुलाला हे निघण्याआधी सांगा. क्योटोच्या शहर बसमध्ये तिथल्या आजी-आजोबांनाच उभं राहायला जागा मिळत नाही, म्हणून शक्य तिथे मेट्रो आणि रेल्वे वापरा.

भारतीय पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो, अर्ज मात्र व्हिसा केंद्रामार्फत करावा लागतो. घाई करायची ती एकाच बाबतीत. लाल पानांच्या दिवसांत कोयासानच्या मंदिरांतल्या खोल्या, विशेषतः खुर्ची आणि स्वतंत्र स्वच्छतागृह असलेल्या, लवकर भरतात. विमानाचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात तिथे ईमेल करा, सासूबाईंचं वय आणि गुडघ्यांचं त्यात स्पष्ट लिहा, आणि ते पत्र जपानीत तुम्हीच लिहा.